मेंदूचा स्कॅन आणि जनुकं जोडून ऑटिझम ओळखता येईल का? संशोधन नेमकं काय सांगतं?

सोशल मीडियावर दर काही महिन्यांनी एक बातमी फिरते. ‘आता मेंदूच्या स्कॅनवरून ऑटिझम ओळखता येणार’, ‘रक्ताच्या चाचणीतून ऑटिझमचं निदान’, अशी काहीतरी हेडलाइन असते. सोबत लाल-पिवळ्या रंगात उजळलेल्या मेंदूचा फोटो. फॅमिली ग्रुपवर ती फॉरवर्ड होते. बाकीचे ती वाचून पुढे जातात, पण ज्या घरात अडीच वर्षांचं मूल अजून बोलत नाही, त्या घरात ती पुन्हा पुन्हा वाचली जाते.

पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातलं निमगाव केतकी घ्या. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं, पानमळ्यांचं आणि तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचं गाव. इथल्या आईवडिलांनी अशी बातमी वाचली तर त्यांचा प्रश्न अगदी व्यवहाराचा असणार. बारामतीला नाहीतर पुण्याला जाऊन एमआरआय काढला, जनुकांची तपासणी केली, तर पोराला ऑटिझम आहे की नाही हे कळेल का?

थोडक्यात उत्तर : आज तरी नाही. ऑटिझम आहे की नाही हे सांगणारा एकही स्कॅन किंवा रक्ताची चाचणी डॉक्टरांच्या रोजच्या वापरात नाही.

पण त्या बातम्यांमागचं संशोधन खोटं नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत शास्त्रज्ञांनी मेंदूचे स्कॅन आणि जनुकांचं काम एकत्र ठेवून पाहायला सुरुवात केली आहे, आणि त्यातून महत्त्वाच्या गोष्टी पुढे आल्या आहेत. त्या कोणत्या, आणि त्यांचा दवाखान्यातल्या चाचणीपर्यंतचा प्रवास का अडला आहे, ते समजून घेऊ.

आज ऑटिझम कसा ओळखतात?

ऑटिझम, म्हणजे सरकारी कागदपत्रांतली ‘स्वमग्नता’, हा संसर्गाने होणारा किंवा औषधाने बरा होणारा आजार नाही. मेंदूची वाढच वेगळ्या पद्धतीने होते. त्यामुळे इतरांशी संवाद साधणं, नजरेला नजर देणं, खेळणं, बोलणं यांत फरक दिसतो. काही मुलं एकच हालचाल किंवा एकच खेळ पुन्हा पुन्हा करतात. काहींना आवाज, उजेड, स्पर्श सहन होत नाही. पालखी गावात आल्यावर टाळ-मृदंग आणि कर्ण्यांच्या गजरात इतर मुलं नाचत असताना एखादं मूल कान घट्ट दाबून किंचाळत असेल, तर तो हट्टच असेल असं नाही. त्याच्या मेंदूपर्यंत तो आवाज वेगळ्याच जोराने पोहोचत असू शकतो.

१९४३ साली अमेरिकेतले डॉक्टर लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या वागण्याचं वर्णन केलं आणि ऑटिझम हे स्वतंत्र निदान म्हणून पुढे आलं. ८० वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी निदानाची मूळ पद्धत तीच आहे : मुलाचं वागणं बारकाईने पाहायचं आणि पालकांना प्रश्न विचारायचे.

भारतात यासाठी ‘इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम’, म्हणजे ‘इसा’, ही मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण गुण ७०च्या खाली असतील तर ऑटिझम नाही असं धरतात. ७० ते १०६ म्हणजे सौम्य, १०७ ते १५३ म्हणजे मध्यम आणि त्याहून जास्त म्हणजे तीव्र. अपंगत्वाचं प्रमाणपत्रही याच मोजपट्टीच्या आधारे मिळतं.

या पद्धतीची अडचण उघड आहे. ती वापरायला प्रशिक्षित माणूस लागतो, वेळ लागतो, आणि लक्षणं ठळक होईपर्यंत मुलाचं वय वाढलेलं असतं. ‘अजून लहान आहे’, ‘याचे बाबाही उशिरा बोलले’ असं म्हणता म्हणता दोन-तीन वर्षं निघून जातात. म्हणून शास्त्रज्ञ बायोमार्कर शोधत आहेत.

बायोमार्कर म्हणजे काय?

शरीरात मोजता येणारी आणि एखाद्या स्थितीची खूण देणारी गोष्ट म्हणजे बायोमार्कर. मधुमेहासाठी रक्तातली साखर, हृदयविकाराच्या झटक्यासाठी ट्रोपोनिन. डॉक्टर बदलला, गाव बदललं, तरी आकडा तोच येतो, ही त्याची ताकद.

ऑटिझमसाठी असा आकडा सापडला तर तीन कामं होऊ शकतात. निदान लवकर होईल. कुठल्या मुलाला कोणत्या प्रकारची मदत जास्त उपयोगी पडेल याचा अंदाज येईल. आणि एखाद्या उपचाराचा परिणाम खरंच होतोय का, हे मोजता येईल.

मग नुसता एमआरआय का पुरत नाही?

कारण फरक आहेत, पण फार बारीक आहेत.

२०१२ साली ‘अबाइड’ नावाचा खुला संग्रह सुरू झाला. १७ केंद्रांनी १,११२ लोकांचे मेंदूचे स्कॅन एकत्र केले. त्यांपैकी ५३९ जण ऑटिझम असलेले होते, ५७३ नसलेले. पुढे दुसऱ्या टप्प्यात आणखी १,१००हून जास्त लोकांची भर पडली. ‘एनिग्मा’ या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१८ साली ऑटिझम असलेल्या १,५७१ आणि नसलेल्या १,६५१ लोकांच्या स्कॅनची तुलना केली. काही भागांत मेंदूचा वरचा थर सरासरीने किंचित जाड निघाला, काही भागांत किंचित पातळ.

इथे ‘सरासरीने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पुरुष सरासरीने स्त्रियांपेक्षा उंच असतात. पण कुणी नुसती उंची सांगितली, तर ती व्यक्ती पुरुष आहे की स्त्री हे खात्रीने सांगता येत नाही. ऑटिझममधले मेंदूचे फरक तर त्याहूनही बारीक आहेत. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका मुलाचा स्कॅन पाहून ते कुठल्या गटातलं आहे हे ठरवता येत नाही.

शिवाय स्कॅन फक्त चित्र दाखवतो. अमुक भाग जाड का झाला, तमुक दोन भागांत संपर्क कमी का आहे, याचं कारण त्या चित्रात नसतं.

जनुकं तपासली तर?

ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पाच देशांतल्या २० लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी पाहून २०१९ साली झालेल्या अभ्यासात तो सुमारे ८० टक्के निघाला. पण ‘ऑटिझमचं जनुक’ असं एकच काही नाही. २०२० साली ३५ हजारांहून जास्त लोकांच्या जनुकीय माहितीवरून १०२ जनुकांची यादी प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे. यादीतल्या एखाद्या जनुकात मोठा बदल सापडतो तो थोड्याच मुलांमध्ये. बाकीच्यांमध्ये असंख्य छोट्या छोट्या फरकांची बेरीज असते.

आणि जनुक असणं वेगळं, ते काम करत असणं वेगळं. इथे ‘जनुक अभिव्यक्ती’ हा शब्द येतो.

शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत तीच सुमारे २० हजार जनुकं असतात. तरी डोळ्याची पेशी वेगळी आणि मेंदूची वेगळी, कारण कुठल्या पेशीत कोणती जनुकं चालू आहेत आणि किती जोरात चालू आहेत हे वेगळं असतं. जनुक चालू झालं की त्याची आरएनए नावाची प्रत निघते. या प्रती मोजल्या की जनुक किती काम करतंय ते कळतं. हेच जनुक अभिव्यक्ती मोजणं.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातल्या माणसाला हे लगेच उमगेल. कालवा एकच, पाणीही तेच. पण आवर्तन सुरू झालं की कुठली चारी किती दिवस चालते आणि कुठलं दार बंद राहतं, यावर कुणाचा ऊस तरारतो आणि टेलला कुणाचं शिवार कोरडं राहतं ते ठरतं. कालव्याचा नकाशा म्हणजे जनुकं. पाणी सोडल्याची नोंदवही म्हणजे जनुक अभिव्यक्ती.

मेंदूची ही नोंदवही वाचायची, तर मेंदूचा तुकडा लागतो, आणि जिवंत मुलाच्या मेंदूचा तुकडा काढता येत नाही. म्हणून असे अभ्यास मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंवर होतात. २०११ साली अमेरिकेत ऑटिझम असलेल्या १९ आणि नसलेल्या १७ लोकांच्या मेंदूंची तुलना झाली. ऑटिझम असलेल्यांमध्ये चेतापेशींमधल्या जोडांशी, म्हणजे सिनॅप्सशी, संबंधित जनुकांचं काम कमी दिसलं. रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांचं काम मात्र वाढलेलं होतं. पुढच्या, मोठ्या अभ्यासांतही साधारण हेच चित्र दिसत आलं आहे.

दोन्ही जोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आता कालव्याचंच उदाहरण पुढे नेऊ. उपग्रहाच्या फोटोत कुठलं शिवार हिरवं आणि कुठलं सुकलेलं ते दिसतं. हा झाला मेंदूचा स्कॅन. चाऱ्यांच्या नोंदवहीत कुठे किती पाणी सुटलं ते लिहिलेलं असतं. ही झाली जनुक अभिव्यक्ती. दोन्ही शेजारी ठेवले आणि जिथे पीक वेगळं दिसतं तिथेच एखाद्या चारीचं पाणीही वेगळं असेल, तर कारण कुठे शोधायचं याचा धागा मिळतो.

शास्त्रज्ञ हेच करतात. मेंदूचे ठरावीक भाग पाडतात. ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या स्कॅनवरून प्रत्येक भागात किती फरक आहे, याचा आकडा काढतात. मग त्याच भागांत हजारो जनुकं किती काम करतात, ते आकडे शेजारी मांडतात. जिथे स्कॅनमधला फरक मोठा, तिथेच कोणत्या जनुकांचं काम जास्त किंवा कमी आहे, हे कॉम्प्युटर शोधतो. शेवटी त्या जनुकांचं मेंदूत एरवी काम काय, ते पाहतात.

या कामाचा सर्वाधिक वापरला जाणारा आधार म्हणजे ‘ॲलन ह्यूमन ब्रेन ॲटलस’. अमेरिकेतल्या सिॲटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटने तयार केलेला हा नकाशा कुणालाही मोफत वापरता येतो. त्यात मेंदूच्या सुमारे ३,७०० ठिकाणांवरच्या हजारो जनुकांच्या अभिव्यक्तीची नोंद आहे.

आतापर्यंत हाती काय लागलं?

तीन अभ्यास पाहिले की दिशा कळते.

पहिला २०१८चा, केंब्रिज विद्यापीठातल्या गटाचा. त्यांनी ऑटिझम असलेल्या मुलांच्या स्कॅनमधले वरच्या थराच्या जाडीतले फरक ॲलनच्या नकाशाशी जुळवले. ज्या जनुकांचा या फरकांशी मेळ बसला, त्यांत सिनॅप्सचं काम करणारी जनुकं ठळक होती. दान केलेल्या मेंदूंमध्ये ज्यांचं काम कमी दिसलं होतं, त्या जनुकांशीही हा मेळ बसला. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले संशोधक एकाच ठिकाणी पोहोचले, म्हणून याला महत्त्व.

दुसरा अभ्यासही २०१८चाच, पण त्यात मृत दात्यांचा मेंदू लागला नाही. अमेरिकेतल्या सॅन दिएगो इथे शंभराहून जास्त लहान मुलांचा, ती झोपेत असताना, एफएमआरआय काढला गेला आणि त्या वेळी त्यांना बोलण्याचे आवाज ऐकवले. मेंदूचा कुठला भाग किती प्रतिसाद देतो, ते मोजलं. मुलांच्या रक्ताचा नमुना घेऊन पांढऱ्या पेशींतली जनुक अभिव्यक्तीही तपासली. पुढे ज्यांची भाषा चांगली विकसित झाली आणि ज्यांची मागे राहिली, अशा ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये रक्त आणि मेंदू यांचं हे नातं वेगवेगळं निघालं. म्हणजे ऑटिझमच्या एकाच नावाखाली आतून वेगळे गट असू शकतात.

तिसरा अभ्यास २०२३चा, न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिसिनमधला. ऑटिझम असलेल्या २९९ आणि नसलेल्या ९०७ लोकांचे स्कॅन वापरून संशोधकांनी ऑटिझमचे चार उपगट मांडले. कुणाची भाषेवरची पकड चांगली पण सामाजिक संवाद अवघड, तर कुणाचं पुन्हा पुन्हा तेच करणं जास्त. प्रत्येक गटात मेंदूतल्या जोडण्यांचा नमुना वेगळा होता, आणि ॲलनच्या नकाशाशी जुळवल्यावर जनुकांचे संचही वेगळे दिसले.

तिन्हींचा सूर एकच आहे. या जोडकामातून ‘ऑटिझम आहे की नाही’ यापेक्षा ‘कुठल्या प्रकारचा ऑटिझम’ या प्रश्नाचं उत्तर जास्त चांगलं मिळतंय. बातमीच्या हेडलाइनमध्ये मात्र पहिलाच प्रश्न सुटल्याचं सांगितलं जातं.

मग घोडं कुठे अडलं?

पहिली अडचण नोंदवहीतच आहे. ॲलनचा नकाशा फक्त सहा माणसांच्या मेंदूंवर बनला आहे. पाच पुरुष, एक स्त्री. वयं २४ ते ५७. मेंदूचा उजवा अर्धा भाग तपासला गेला तो त्यांपैकी दोघांचाच. यात लहान मूल एकही नाही आणि ऑटिझम असलेली व्यक्तीही नाही. म्हणजे उपग्रहाचा फोटो या वर्षीचा आणि या गावचा, पण पाण्याची नोंदवही भलत्याच सहा गावांची, अशी गत. त्यावरून अंदाज बांधता येतो, पण अमुक मुलाच्या मेंदूत अमुक जनुक बिघडलंय, असं म्हणता येत नाही.

दुसरी अडचण गणिताची. मेंदूतले शेजारचे भाग एकमेकांसारखे असतात, जशी शेजारची दोन शिवारं. त्यामुळे काही जनुकांचा मेळ कुठल्याही नकाशाशी बसल्यासारखा दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२१ साली दाखवून दिलं की संगणकाने नुसते यादृच्छिक नकाशे तयार केले, तरी ठरावीक प्रकारची जनुकं ‘महत्त्वाची’ म्हणून वर येतात. त्यामुळे जुन्या काही निष्कर्षांकडे पुन्हा तपासून पाहावं लागतं.

तिसरी अडचण रक्ताची. रक्तातल्या पेशी म्हणजे मेंदूतल्या पेशी नव्हेत. ताप, सर्दी, औषधं, जेवण, अशा कितीतरी गोष्टींनी रक्तातली जनुक अभिव्यक्ती बदलते.

चौथी अडचण मोठ्या संख्येची, आणि सामान्य वाचकाने ती समजून घ्यायलाच हवी.

९५ टक्के अचूक चाचणीसुद्धा कशी फसवते?

२०१७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाची जगभर चर्चा झाली. ज्यांच्या मोठ्या भावाला किंवा बहिणीला ऑटिझम आहे, अशा बाळांचे ६ आणि १२ महिन्यांच्या वयात एमआरआय काढले गेले. मेंदूच्या पृष्ठभागाच्या वाढीवरून कॉम्प्युटरने अंदाज बांधला. दोन वर्षांच्या वयात ज्या ३४ बाळांना ऑटिझमचं निदान झालं, त्यांपैकी ३० त्याने आधीच ओळखली होती. निदान न झालेल्या १४५ बाळांपैकी फक्त ७ चुकून निवडली. निकाल खरोखरच चांगला होता.

आता हीच चाचणी सरसकट सगळ्या मुलांवर वापरली असं समजू. दर १०० मुलांमागे एकाला ऑटिझम आहे असं धरलं, तर १०,००० मुलांत १०० मुलं ऑटिझम असलेली. चाचणी त्यांपैकी ८८ ओळखेल. पण उरलेल्या ९,९०० मुलांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९५ मुलांवरही ती चुकून बोट ठेवेल. एकूण ५८३ घरांत ‘तुमच्या मुलाला ऑटिझम आहे’ असा कागद जाईल आणि तो खरा असेल फक्त ८८ घरांत. म्हणजे जवळपास सातात एक.

चाचणी तीच, अचूकता तीच. फरक पडला तो ती कुणावर वापरली याने. त्या अभ्यासातल्या बाळांना कुटुंबामुळे आधीच जास्त शक्यता होती. म्हणून ‘९० टक्के अचूक’ असं वाचलं, की कुणावर तपासून, हा प्रश्न आधी विचारायचा.

या सगळ्यात भारतीय मूल कुठे आहे?

फारसं कुठेच नाही. ‘अबाइड’च्या दोन्ही टप्प्यांत भारतातलं एकही केंद्र नाही. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ साली १०० भारतीयांच्या स्कॅनवरून मेंदूचा नकाशा बनवला, तेव्हा भारतीय मेंदूची उंची, रुंदी आणि आकारमान पाश्चात्त्य मेंदूपेक्षा सरासरीने कमी निघालं. याचा बुद्धीशी संबंध नाही. पण परदेशी मापावर शिकलेला कॉम्प्युटर इंदापूरच्या मुलाचा स्कॅन पाहताना चुकू शकतो, हे त्यातून कळतं.

पाया मात्र घातला जातोय. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५पासून मेंदू-पेढी आहे. आयआयटी मद्रासने डिसेंबर २०२४मध्ये गर्भातल्या मेंदूचा ‘धरणी’ नावाचा त्रिमितीय नकाशा सर्वांसाठी खुला केला. मेंदूची जडणघडण गर्भातच सुरू होते, त्यामुळे ऑटिझमच्या अभ्यासाला हा नकाशा उपयोगी पडू शकतो. जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या सुमारे १०,००० लोकांच्या जनुकांची माहिती जमा झाली आहे.

ऑटिझम असलेल्या काही प्रौढांचे आक्षेपही इथे लक्षात घ्यायला हवेत. ब्रिटनमध्ये २०२१ साली ‘स्पेक्ट्रम १०के’ नावाचा १०,००० लोकांची जनुकीय माहिती गोळा करणारा प्रकल्प जाहीर झाला आणि काही आठवड्यांतच थांबवावा लागला. ‘ही माहिती उद्या आमच्यासारखी मुलं जन्मालाच येऊ नयेत यासाठी वापरली जाईल का,’ असा त्यांचा प्रश्न होता. गर्भलिंगनिदानाचा इतिहास असलेल्या महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही.

मग आज एमआरआय किंवा जनुकीय तपासणी करायचीच नाही?

तसंही नाही. मुलाला झटके येत असतील, डोक्याचा आकार फार लहान किंवा मोठा असेल, अंगाच्या एका बाजूला कमजोरी असेल, किंवा शिकलेल्या गोष्टी ते विसरत चाललं असेल, तर डॉक्टर एमआरआय सांगतात. तो दुसरं कारण शोधण्यासाठी असतो. लहान मुलाला त्यासाठी अनेकदा गुंगीचं औषध द्यावं लागतं, म्हणून तो उगाच काढत नाहीत. जनुकीय तपासणीतून फ्रॅजाइल एक्ससारखी स्थिती कळू शकते आणि पुढच्या बाळाबद्दल सल्ला मिळू शकतो. बोलायला उशीर होत असेल तर सगळ्यात आधी ऐकू येतंय का, हे तपासायचं.

‘स्कॅन करा, दोष शोधा, स्टेम सेलने बरा करा’ अशा जाहिरातींपासून मात्र लांब राहायला हवं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ साली ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही असं सांगितलं, आणि त्यांचा प्रचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन मानलं जाईल असंही स्पष्ट केलं.

चाचणीची वाट न पाहता काय करता येतं?

इथे गोव्याचं उदाहरण कामाचं आहे. २०१८ साली देशातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्या पाच ठिकाणांत उत्तर गोवा होतं. ऑटिझमचं प्रमाण दर १०० मुलांमागे साधारण एक निघालं. आणि गोव्यातल्याच ‘संगात’ संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीसोबत मिळून ६५ मुलांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली ‘द लॅन्सेट सायकियाट्री’मध्ये आले. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन आईवडिलांना मुलाशी खेळायचं कसं, त्याच्या इशाऱ्याला प्रतिसाद द्यायचा कसा, हे शिकवलं. त्या पालकांचा मुलांशी मेळ वाढला आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. यासाठी स्कॅन लागला नाही, जनुकांची चाचणी लागली नाही.

निमगाव केतकीतल्या घराला आज ज्या वाटा मोकळ्या आहेत, त्या अशा :

• वर्षाचं झालं तरी हाक मारल्यावर वळून पाहत नाही. दीड वर्षाचं झालं तरी हवं ते बोटाने दाखवत नाही, चांदोमामाकडे बोट करत नाही. दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, भातुकलीसारखा लुटुपुटीचा खेळ खेळत नाही. यातलं काही दिसलं, किंवा आधी येत असलेले शब्द गेले, तर थांबायचं नाही.

• अंगणवाडीताई किंवा आशाताईंना सांगायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांच्या तपासणीत वाढीतला उशीर आणि ऑटिझमही येतो. पथक मुलाला पुढच्या रुग्णालयात किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं.

• बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या बालरोग विभागात विचारणा करता येते.

• निदान झालं तर यूडीआयडी कार्ड काढायचं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण मिळतं.

• स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि घरातला सराव सुरू करायला पक्क्या निदानाची वाट पाहावी लागत नाही. वाढीत उशीर दिसला एवढं कारण पुरेसं असतं.

मेंदूचे स्कॅन आणि जनुकांचं काम जोडणारं संशोधन उद्या कदाचित सांगेल की अमुक मुलाला भाषेची मदत आधी द्या, तमुकला आवाज सहन करण्याची. तेव्हा ते फार कामाला येईल. पण आज अडीच वर्षांच्या असलेल्या मुलाला तोवर थांबवून ठेवता येत नाही. पुढच्या वेळी ‘स्कॅनवरून ऑटिझम ओळखणार’ असा मेसेज आला, तर तो फॉरवर्ड करण्याआधी वरची यादी त्याच्याखाली जोडून द्या.